पोपटी शाल माहेरी येते

खाटेवर शाल कशी टाकायची हे ठरवण्यात दमयंतीनं अर्धी सकाळ घालवली. घडी करून ठेवली तर मुद्दाम मांडल्यासारखी दिसे, पसरली तर वाळत घातल्यासारखी. शेवटी तिनं ती खाटेच्या कडेवरून अर्धी लोंबती सोडली, वर लोकरीचा गुंडा ठेवला, गुंड्यात दोन सुया खुपसल्या आणि चार पावलं मागं सरून पाहिलं.

"आसं वाटलं पायजे," ती धाकट्या जावेला म्हणाली, "का जमना इनता इनता पानी आनाय उठलीय."

"जमना पानी आनाय तरी कवा उठती, जाऊबाय?" सगुणा म्हणाली.

"तू गप. तुझं काम आज चुलीपुढं."

शाल कांद्याच्या सालीच्या रंगाची होती, गुलाबी आणि तांबूस यांच्या मधली. सगुणानं दिवाळीनंतर टाके घातले आणि संक्रांतीच्या आत ती सुईवरून उतरवली. वीण नेहमीचीच, शिंपल्यांची. सगुणाला दुसरी वीण येतच नव्हती. सत्तावन्न साली तिचा नवरा तुळशीराम विषमज्वरानं ठाण्याच्या इस्पितळात पडला, तेव्हा त्याच्या उशाशी बसल्या बसल्या एका नर्सबाईंनी तिला ही वीण शिकवली. दुसरी शिकवायला घेणार तोच तुळशीराम बरा झाला. त्याबद्दल सगुणानं देवाला नारळ फोडला खरा, पण दुसरी वीण राहिली ती राहिलीच.

पुढं तिला तिची गरजही वाटेना. तुळशीराम ठाण्याला लोकरीच्या गिरणीत होता. हंगाम सरला की उरलेल्या लडी कामगारांना मिळत. ज्या रंगाच्या मिळतील त्या तो घेऊन येई आणि सगुणा त्यांचे शिंपले करी. निळ्या रंगात ते पाण्याखाली असल्यासारखे दिसत, पिवळ्यात उन्हात पडल्यासारखे. करड्यात तर तिला चिखलाचा वासही यायचा. दमयंती हिणवायची, "ईन तीच, तीच, तीच. कंटाळा कसा येत नाय गो तुला?" त्यावर सगुणाचं उत्तर ठरलेलं होतं: "भाकरी पन तीच थापतो आपन रोज. कुनी कंटाळलं का?"

पण बोनकोड्याच्या त्या घरात एवढ्या शाली अंगावर घेणार कोण? खाडीच्या काठाला थंडी पडून पडून किती पडणार! तेव्हा शालींना दुसरं काम लागलं, आणि ते सासूनं, पुतळाबाईंनी, शोधून काढलं. भावकीत मुलगी बघायला पाहुणे आले की ओटीवर एक शाल पडलेली असे. 'पोरीनं इनलीय' असं कुणीतरी सहज म्हणे. पाहुणे शाल हातात घेत, शिंपल्यांवरून बोटं फिरवत आणि पोरीकडे नव्या नजरेनं बघत. लग्न ठरलं की शाल पोरीबरोबर सासरी जाई. पहिली गेली गोजराची, पुतळाबाईंच्या दिराच्या मुलीची. ती पोपटी होती. नंतर निळी तुर्भ्याला गेली, पिवळी घणसोलीला. सगळ्या पोरी सुखात होत्या आणि एकीलाही टाका घालता येत नव्हता.

आता पाळी घरच्या लेकीची, जमुनाची होती. स्थळ कळंबोलीचं. मुलगा कमळाकर, गोजराचा धाकटा दीर, बेलापूर रस्त्यावर नव्यानं झालेल्या एका कारखान्यात लागलेला. गोजराच्या लग्नात पंगतीत वाढताना त्यानं जमुनाच्या पानात दोनदा मीठ वाढलं होतं. त्यानंतर जमुनानं आलेली दोन चांगली स्थळं नाकारली, एक मुलगा फार बोलतो म्हणून आणि दुसरा बोलतच नाही म्हणून. खरं कारण फक्त सगुणाला ठाऊक होतं. हे स्थळ हुकलं तर पोरगी तिसऱ्याला कुठलं कारण काढेल याची तिला धास्ती होती. म्हणून तर ही शाल तिनं जीव लावून विणली होती. ती जमुनाची म्हणून जाणार हेही तिला माहीत होतं. आजवरची प्रत्येक शाल कुणाची तरी म्हणूनच गेली होती.

पाहुणे पनवेलहून ठाण्याला जाणाऱ्या एस.टी.नं यायचे होते. फाट्यावर उतरून बांधावरनं चालत. सगुणा अंगणात सडा टाकत होती तेव्हा बांधावर चार माणसं दिसली. पुढं पुरुष, मागं दोन बायका, शेवटी उंच पोरगा. पहिल्या बाईचं लुगडं अंजिरी होतं, पण तिच्या खांद्यावर काहीतरी पोपटी होतं. दूर होतं तोवर तो नुसता रंग होता. मिठागराच्या वळणावर आला तसा त्याला काठ दिसायला लागला, नागमोडी. तसा काठ एकाच विणीला पडतो.

सगुणा तांब्या टाकून आत धावली.

"आये, शेवंताबायच्या आंगावर गोजराची शाल हाय."

पुतळाबाई तांदळाचे पोळे उलटत होत्या. "मंग? सुनंची शाल सासूनं घेतली. त्यात काय?"

"आवो, ईन! ओटीवर तीच ईन पडलीय."

"रंग येगळा हाय ना?"

"रंग येगळा. शिंपलं तेच."

"कुनाला कळतंय?"

"जिनं चार साल आंगावर वागवलीय तिला नाय कळनार?"

उलथनं हातात तसंच राहिलं. इतक्या वर्षांत हा विचार पुतळाबाईंच्या डोक्याला शिवलाच नव्हता. रंग बदलला की शाल बदलली, असा त्यांचा हिशेब होता आणि तो बोनकोड्यापुरता बरोबरही होता. एक शाल फिरून माहेरी येईल आणि दुसरीच्या शेजारी उभी राहील, हे कुणाच्या ध्यानात येणार!

"दमे!" त्या ओरडल्या. "ती शाल उचल आधी!"

दमयंती ओटीवर पळाली. पाहुणे अंगणाच्या कवाडाशी आले होते आणि सासरे गोटीराम 'या, या' करत पुढं झाले होते. शाल आत न्यायला वेळ उरला नाही. तिनं शाल, गुंडा आणि सुया एका हातानं गोळा करून खाटेवरच्या गोधडीखाली सारल्या, दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि हसली.

पाणी झालं, गूळ झाला. काकीला भेटायचं निमित्त करून गोजरा चुलीपाशी आली आणि आल्या आल्या तिनं सगुणाचे दोन्ही हात धरले.

"वयनी, मी मेले गो! सासूबायंची शाल फाटली. बाभळीच्या काट्यात आडकली, एक आख्खा शिंपला उसवला. मना म्हनाल्या, तूच इनलीस ना, तूच जोड."

"मंग?"

"मी म्हटलं सुया माहेरी ऱ्हायल्या. त्यांनी पनवेलच्या बाजारातनं सुया आनल्या. मी म्हटलं या सुया जाड हायत. मंग म्हटलं बोट सुजलंय. आता म्हनतात, बोनकोड्याला जातोच हाव, जमना बी इनती, तिच्याकडनं जोडून घेऊ. माझ्यादेखत, म्हनाल्या. मना बगायचंय कसं जोडतात."

कोपऱ्यात नवं लुगडं नेसून बसलेली जमुना उभी राहिली. "माझ्याकडनं?"

"तू बस खाली, निऱ्या सुटतील," पुतळाबाई म्हणाल्या. त्यांनी क्षणभर विचार केला. "सांगायचं, सुया नायत घरात. संपलं."

"सुया नायत घरात," दमयंतीनं पाठ केलं.

"जाऊबाय, त्या सुया कुठं हायत?" सगुणानं विचारलं.

"गोदडीखाली. कोन बगतंय?"

जमुना सगुणाजवळ सरकली. "वयनी, मी खोटं बोलले का माजं कान लाल होतात. त्याला दिसंल."

"मंग कानावर पदर घे," सगुणा म्हणाली.

बोलावणं आलं तेव्हा जमुना चहा घेऊन ओटीवर गेली. सगुणा दाराच्या चौकटीआड उभी राहिली, जिथून दिसतं सगळं आणि दिसत नाही कुणाला. कमळाकर भिंतीकडे बघत बसला होता आणि त्याचा चहा बशीत सांडला होता. त्याचे वडील जयदेव बांधाला पडलेल्या खांडीबद्दल गोटीरामांशी बोलत होते. शेवंताबाईंनी जमुनाला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, मग खांद्यावरची शाल काढून मांडीवर घेतली आणि फाटकी बाजू वर केली.

"माझ्या गोजरानं इनलेली. आख्ख्या कळंबोलीत आशी शाल नाय. लोकं लगीनकार्यात मना बोलवत नायत, शालीला बोलवतात." त्या स्वतःच हसल्या. "एवढा शिंपला जोडून दे, पोरी. तू बी इनतेस ना?"

जमुनाचे कान लाल झाले.

"इनती ना!" दमयंती घाईनं पुढं झाली. "पन काय करनार, सुया नायत घरात. एक पन नाय."

"आगं आयो!" जयदेव खाटेवरून ताडकन उठले. त्यांनी मांडीमागं हात घातला आणि एक लांब सुई बाहेर काढली. "ही काय! सुई हाय की. मी केवढा वेळ म्हनतोय, खाटंला काटं हायत का काय."

त्यांनी भाबडेपणानं सुई ओढली. सुईमागून दोरा आला, दोऱ्यामागून गुंडा आला आणि ओटीवरून घरंगळत कमळाकरच्या पायाशी थांबला. शेवटी गोधडीखालून दोऱ्यात गुंतलेली कांद्याच्या सालीच्या रंगाची शाल सरकत सरकत खाली आली.

शेवंताबाईंनी ती उचलली, मांडीवरच्या पोपटी शालीशेजारी पसरली आणि काठाला काठ लावला. शिंपल्याला शिंपला बरोबर बसला.

"ही कुनी इनली?"

"आमच्या जमुनेनं!" गोटीराम अभिमानानं म्हणाले. घरात त्यांना कुणी काही सांगत नसे, त्यामुळे ते मनापासून बोलत होते. "आनि तुमची आमच्या गोजरानं. एका घरच्या पोरी, एकच हात!"

चौकटीआड पुतळाबाईंनी सगुणाच्या दंडाला धरलं. म्हातारा नकळत वाचवून गेला होता. आता जमुनानं फक्त मान हलवायची होती.

"मंग तर बरंच झालं," शेवंताबाई म्हणाल्या. "सुई बी हाय, दोरा बी हाय. बस गो माझ्या शेजारी. चार टाकं घाल, बगू दे मना."

जमुना बसली. तिनं सुई हातात घेतली ती कोयता धरावा तशी, मूठ आवळून. फाटक्या शिंपल्याकडे बघितलं. एकदा सुई खालून घातली, एकदा वरून. समोर कमळाकर भिंत सोडून आता तिच्या मुठीकडे बघत होता. मग तिनं सुई खाली ठेवली.

"मना नाय येत."

"काय नाय येत?"

"इनाय. ही मी नाय इनली. तुमची बी गोजराताईनं नाय इनली."

"जमे!" पुतळाबाई आतून म्हणाल्या, पण उशीर झाला होता.

शेवंताबाईंनी सुनेकडे बघितलं. "आनि बोट सुजलेलं ते?"

"सुजलं व्हतं," गोजरा पुटपुटली. "थोडं."

"आनि तुला येतं तरी काय गो?" शेवंताबाई जमुनाकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, हेच सगुणाला भीतीचं वाटलं.

"होडी वल्हवता येती. चिंबोरी पकडता येती बिळातनं. भात लावता येतं. खोटं बोलाय नाय येत. दोन दीस शिकवलं यांनी, तरी नाय आलं."

कमळाकर फसकन हसला. आईनं बघितल्यावर त्यानं गुंडा उचलला आणि मन लावून दोरा गुंडाळू लागला.

आता काय होणार ते सगुणाला दिसत होतं. पाहुणे उठतील, चपला शोधतील, बांधावरनं परत जातील. जमुना दोन महिने जेवणार नाही आणि गोजराला कळंबोलीत रोज ऐकून घ्यावं लागेल. सासूचा हात तिनं दंडावरून सोडवला आणि ती बाहेर आली. आश्चर्य म्हणजे दमयंतीही तिच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि पाहुण्यांवर उखडली.

"ईन काय चोरीची नाय, शेवंताबाय. ह्या घरातलीच हाय. माझ्या जावंची. ती पोरींच्या नावानं देती, तर तिचं मन मोठं हाय. तेवडं तरी आमाला करू द्या की!"

सगुणानं जावेकडे बघितलं. इतकी वर्षं जिनं 'तीच, तीच, तीच' म्हणून हिणवलं ती हीच का?

शेवंताबाई सगुणाकडे बघत होत्या. "दोन्ही तू इनल्यास?"

"व्हय."

"आजून कितीजनींना दिल्यास?"

प्रश्न ऐकून सगुणा चपापली. फसवणुकीचं बोलणं तिनं धरलं होतं. हे काही वेगळंच होतं. शेवंताबाईंचा चेहरा नीट बघितला तेव्हा तिला उमगलं. बाईला राग खोट्याचा आला नव्हता. म्हणजे आला होता, पण तो नंतरचा. पहिलं दुःख हे होतं की आख्ख्या कळंबोलीत नसलेली शाल बोनकोड्यात गोधडीखालून निघाली.

"निळी तुर्भ्याला हाय," सगुणा सावकाश म्हणाली. "पिवळी घनसोलीला. करडी माझ्या माहेरी, खांदा गावाला. आनि ही."

"म्हंजे घरोघर झाली."

"पोपटी कुनाकडं नाय."

"कशावरनं?"

"रंग मी निवडत नाय. गिरनीत उरलेली लोकर येती, आनि एका रंगाची लडी फिरून कदी आली नाय. पोपटी तेवढीच व्हती. एक हातभर दोरा जरी उरला असता तर मी तो ठेवला असता, मना तो रंग लय आवडला व्हता. नाय उरला. आता मी म्हटलं तरी तशी दुसरी व्हनार नाय."

शेवंताबाईंनी पोपटी शाल पुन्हा मांडीवर ओढली. काही वेळ त्या तिच्यावरून हात फिरवत राहिल्या.

"दोरा नाय, मंग माझा शिंपला कशानं जोडशील?"

सगुणा त्यांच्यासमोर बसली. कमळाकरनं गुंडा तिच्याकडे सरकवला. तिनं पोपटी शालीचे सुटलेले टाके एकेक करून सुईवर घेतले आणि कांद्याच्या रंगाचा दोरा जोडला. गोजरा खाली बसून बघू लागली. चार वर्षं आपण काय विणलं म्हणून सांगत होतो ते ती पहिल्यांदाच नीट बघत होती. पोपटी शिंपल्यांच्या रांगेत एक गुलाबी-तांबूस शिंपला हळूहळू उमलत गेला.

"ठिगळ दिसतंय," शेवंताबाई म्हणाल्या.

"उसवू का?"

"उसवू नको." त्यांनी मान तिरपी केली. "आता तर ही कुनाकडंच नसंल. तुझ्या घनसोलीकडं बी नाय."

जयदेवांनी खाट तपासून पुन्हा बैठक मारली. गोटीरामांना काय चाललंय ते अजून पुरतं कळलं नव्हतं, पण पाहुणे चपलांकडे बघत नाहीत हे कळलं होतं. "मंग," ते म्हणाले, "पोरगी कशी वाटली?"

"पोरगी बरी हाय," शेवंताबाई म्हणाल्या. "आमच्या पोराला तर आधीच बरी वाटलीय, वाढप्यानं केवढं मीठ वाढलं ते मी तवाच बगितलं व्हतं." कमळाकरनं मान खाली घातली. "खोटं येत नाय म्हनते, तेही ठीक. एक सून हाय माझी, तिला तेवढंच येतं."

गोजरानं पदरात तोंड घातलं, पण ती हसत होती.

"पन एक हाय," शेवंताबाई पुढं म्हणाल्या आणि त्यांनी चौकटीकडे बघितलं. "पुतळाबाय, आशा बाहेर या. कळंबोलीत बायका मना इचारतात, शाल कुनी इनली. चार साल मी माझ्या सुनंचं नाव सांगतेय. उद्या काय सांगू? तुमी सांगा. घरच्या मोठ्या बाईच्या तोंडून खरं आलं का मी साखरपुड्याचा दीस धरते. नाय आलं तर नाय."

पुतळाबाई बाहेर आल्या. पोळ्याचं पीठ हाताला तसंच होतं. जमुना त्यांच्याकडे बघत होती, दमयंती बघत होती. सगुणा मात्र बघत नव्हती. तिनं शालीवर मान घातली होती, जणू टाका फार अवघड आहे. या घरात तिला 'धाकली' म्हणत. परक्यांसमोर सासूनं तिचं नाव घेतलं असं एकदाही झालं नव्हतं. लेकीला येत नाही ते सुनेला येतं, हे व्याह्यांपुढं बोलायचं म्हणजे पुतळाबाईंच्या जिवावर येणारच होतं.

"धाकलीनं," त्या म्हणाल्या.

"तिला नाव आसंल."

"सगुनानं."

"ऐकू नाय आलं. वारं हाय."

"सगुनानं!" पुतळाबाई एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की अंगणातल्या कोंबड्या बाजूला झाल्या. एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबवेना. "आमच्या सगुनानं! तुमची तिनंच इनली, जमुनेची तिनंच, तुर्भ्याची तिनंच, घनसोलीची तिनंच! भावकीतल्या सगळ्या पोरींना इनल्या, स्वताच्या माहेरी दिली. आनि इतकी सालं मी चुलीपुढं बसून बगतेय, माझ्या आंगावर एक नाय!"

आधी जयदेव हसले, त्यांच्यामागून सगळेच. पुतळाबाईंना स्वतःलाच आपण काय बोललो ते उशिरा कळलं. त्यांनी पिठाचा हात कपाळाला लावला आणि कपाळ पांढरं करून घेतलं.

सगुणानं मान वर केली.

"रंग कंचा पायजे, आये?"

"मना काय रंग," पुतळाबाई म्हणाल्या आणि आत वळल्या. पोळा करपत होता. चौकटीशी त्या थांबल्या. "कुनाकडं नसंल तो," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.